शेताचीही वही ठेवूया

(प्रभाग संघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्यांना सभेला येता आलं नाही त्यांनी आपल्या गटाच्या बैठकीत हा वाचून घ्यावा.)



आजचा विषय मला लेखी मिळाला तेव्हा त्यात मोठे मोठे शब्द होते. शाश्वत शेती, डिजिटल माहिती, संशोधन संस्थांची भागीदारी. हे शब्द आपण जरा बाजूला ठेवू आणि आपल्या ओळखीच्या वस्तूपासून सुरुवात करू. ती वस्तू म्हणजे गटाची वही.

आपल्या पंचसूत्रीत शेवटचं सूत्र कुठलं? नियमित लेखे. सुरुवातीला वही लिहायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो. पण बँकेत कर्ज मागायला गेल्यावर साहेबांनी आपला चेहरा बघितला नाही, वही बघितली. कोणी किती बचत केली, किती घेतले, किती फेडले, ते वहीत होतं म्हणून कर्ज मिळालं. कितीही इमानदार गट असो, नोंद नसेल तर बँकेच्या लेखी तो गट नाहीच.

आज शेतीत नेमकं हेच चाललंय. शेताची वही लिहिली जातेय. ती कागदावर नाही, मोबाईलवर आणि कॉम्प्युटरवर लिहिली जातेय. कुठल्या गटात काय पेरलं, कुठे कीड पडली, किती पाऊस झाला, सगळं त्यात जातं. विद्यापीठाचे शास्त्रज्ञ ती वाचून सल्ला देतात, सरकार ती वाचून भरपाई आणि योजना ठरवतं. मला आज एवढंच विचारायचं आहे, की लावणीला कमरेत वाकते बाई, निंदणी करते बाई, भातावर कीड पडली तर पहिल्यांदा दिसते बाईला. मग त्या वहीत बाई कुठे आहे?

ही वही सुरू कशी झाली

महाराष्ट्रातलं एक मोठं उदाहरण सांगते. २००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळ्यांचा मोठा हल्ला झाला. कीड आली आहे हे कळेपर्यंत शेतंच्या शेतं फस्त झाली होती. औषध नव्हतं असं नाही. खबर वेळेवर पोचली नाही, ही खरी अडचण होती. एका गावात अळी दिसली तर शेजारच्या तालुक्याला सावध करायची सोय नव्हती.

म्हणून पुढच्या वर्षी, २००९-१० मध्ये, राज्याच्या कृषी विभागाने क्रॉपसॅप नावाचा प्रकल्प सुरू केला. म्हणजे पिकांवरील कीड-रोगांचं सर्वेक्षण आणि सल्ला. यात कृषी विभाग, राज्यातली कृषी विद्यापीठं आणि दिल्लीची राष्ट्रीय कीड व्यवस्थापन संस्था असे सगळे एकत्र आले. सगळ्या सरकारी संस्था, एकाच कामासाठी.

काम कसं चालतं ते बघा. गावात काही शेतं ठरवून घेतात आणि काही अचानक निवडतात. माणूस दर आठवड्याला प्रत्यक्ष शेतात जातो, झाडं मोजतो, किडी मोजतो, आकडा भरतो. ते आकडे विद्यापीठात जातात. शास्त्रज्ञ बघतात की कुठल्या तालुक्यात कीड वाढतेय, कुठे अजून काळजी नाही. मग त्या त्या भागासाठी सल्ला निघतो आणि शेतकऱ्यांच्या मोबाईलवर मेसेज जातो. सुरुवात सोयाबीन, कापूस, तूर, हरभऱ्यापासून झाली, पुढे आपल्या भाताचाही त्यात समावेश झाला. भाताचा सल्ला आपल्याकडे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडून येतो. कर्जतला त्यांचं भात संशोधन केंद्र आहे. कर्जत ३, कर्जत ७ ही नावं तुम्ही बियाण्याच्या पिशवीवर वाचली असतील, ती तिथलीच वाणं.

मोजलं की फवारा वाचतो

यात शाश्वत शेती कुठे आली? सांगते.

दुकानदार म्हणतो, कीड दिसली, मारा औषध. शेजारच्याने मारलं म्हणून आपणही मारतो. शास्त्रज्ञ काय म्हणतात? कीड दिसणं वेगळं आणि नुकसान होईल इतकी कीड असणं वेगळं. ती एक पातळी असते. तिच्या खाली कीड असेल तर औषधाचा खर्च हा पिकाच्या नुकसानीपेक्षा जास्त होतो.

आपल्या भातातला खोडकिडा घ्या. चुडीतला मधला पोंगा सुकतो, ओढला तर अलगद हातात येतो. त्याला गाभेमर म्हणतात. नंतर लोंबी आल्यावर हाच किडा लागला तर लोंबी पांढरी पडते आणि दाणा भरत नाही, म्हणजे पळींज होते. फुटवे येण्याच्या काळात शंभर फुटव्यांमागे साधारण पाच सुकलेले असतील, तर उपाय करायची वेळ आली असं समजायचं.

मोजायला किती वेळ लागतो? खाचरात तिरकं चालत जा. वेगवेगळ्या ठिकाणच्या वीस चुडी बघा. समजा, वीस चुडींत मिळून २०० फुटवे भरले आणि त्यात ६ सुकलेले निघाले. म्हणजे शंभराला तीन. अजून पातळीच्या खाली आहे, फवारू नका. सुकलेले फुटवे उपटून टाका, कामगंध सापळे लावा, पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजा. आणि २०० मध्ये १० किंवा त्याहून जास्त निघाले, तर कृषी सहाय्यकांना लगेच कळवा. (आता त्यांना सहाय्यक कृषी अधिकारी म्हणतात.) आपण व्याजाचा हिशेब करतो त्यापेक्षा हा हिशेब सोपा आहे.

तपकिरी तुडतुड्यांचंही तसंच. ते वर पानावर शोधून सापडत नाहीत, चुडीच्या बुडाशी असतात. एका चुडीत पाच ते दहा दिसायला लागले की सावध व्हायचं. जास्त झाले तर शेतात जळल्यासारखे गोल चट्टे पडतात. युरिया जादा पडला, लावणी फार दाट झाली की ते वाढतात. आणि उगाच फवारलं की त्यांना खाणारे कोळी आणि बाकीचे मित्रकीटक मरतात, मग तुडतुडे दुपटीने येतात. म्हणजे पैसे गेले, औषध गेलं आणि कीड वाढली.

फवारणीचा दुसरा धोका जिवाचा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. फवारा पाठीवर घेणारा आपलाच माणूस असतो, आणि त्याचे कपडे धुणारी, औषधाचं पाणी भरून देणारी आपण असतो. एक नको असलेली फवारणी टळली तर त्यात आपल्या घरातल्यांची तब्येत, ओढ्याचं पाणी आणि खेकडे-मासे सगळं वाचतं.

पाऊस आणि पाण्याचा ताळेबंद

किडीसारखंच पावसाचंही आहे. राज्यात महावेध प्रकल्पात महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं उभी आहेत. पाऊस, वारा, दमटपणा आपोआप नोंदला जातो. हवामान खात्याचा कृषी सल्ला आठवड्यातून दोनदा निघतो, मंगळवारी आणि शुक्रवारी. मेघदूत नावाचं त्यांचं मोफत अ‍ॅप आहे, त्यात तो मराठीत वाचता येतो. राब भाजायचा, पेरायचं, खत टाकायचं, कापलेलं भात शेतात पसरून ठेवायचं की उचलायचं, या प्रत्येक वेळी दोन दिवस आधी अंदाज कळला तर वर्षाची मेहनत वाचते. कापणीच्या वेळी आलेल्या पावसाने भात शेतातच कसं रुजतं, ते तुम्हाला मी काय सांगायचं?

आपल्या जवळच्या पवईच्या आयआयटीनेही असंच एक काम केलं आहे. पोकरा म्हणून जागतिक बँकेच्या मदतीचा प्रकल्प २०१८ पासून मराठवाडा, विदर्भ आणि जळगाव अशा १५ जिल्ह्यांत झाला. त्यात आयआयटीच्या लोकांनी गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत तयार करून दिली. पाऊस किती पडला, किती वाहून गेला, किती जमिनीत मुरला, पिकांना किती लागणार. जमा आणि खर्च. गटाचा ताळेबंद आपण मांडतो तसाच. त्यावरून गाव ठरवतं की यंदा रब्बीला कुठलं पीक परवडेल.

पहिल्या टप्प्यात आपला ठाणे जिल्हा त्यात नव्हता. पण आपल्याकडे पावसाळ्यात गुडघाभर पाणी आणि मार्चनंतर पाड्यावर हंडे घेऊन फिरणं, हे दोन्ही आहे. तेव्हा असा ताळेबंद आपल्या ग्रामसभेतही मांडता येईल. तो मागायचा हक्क आपल्याला आहे.

मेसेज कोणाच्या फोनवर येतो?

आता मुद्द्यावर येते.

हे सल्ले कोणाच्या मोबाईलवर जातात? ज्याचा नंबर नोंदलेला आहे त्याच्या. नंबर कोणाचा? सातबारावर ज्याचं नाव आहे त्याचा, म्हणजे बहुतेक घरच्या पुरुषाचा. आपल्या भिवंडीत पुरुष माणूस पहाटे यंत्रमागावर नाहीतर मानकोली-काल्हेरच्या गोदामात कामाला जातो. मेसेज त्याच्या खिशात येतो, तुडतुडा शेतात बाईच्या समोर असतो. संध्याकाळी तो घरी येईपर्यंत मेसेज शंभर मेसेजखाली गेलेला असतो. सरकारच्या लेखी सल्ला पोचला, पण शेतात कुणालाच कळला नाही.

२०१५-१६ च्या कृषिगणनेत देशभरात शंभर खातेदारांमागे बाया होत्या साधारण १४. शेतात काम करणाऱ्या बाया किती ते तुम्ही आपल्या गावात मोजा. हा फरक म्हणजे वहीत न आलेली बाई.

आणि ही नोंद आता दिवसेंदिवस महत्त्वाची होत चालली आहे. दोन गोष्टी सांगते.

पहिली ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर सुरू झाली. आपल्या शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, तो जागेसकट नोंदला जातो आणि सातबाराच्या बारा नंबरात पीक चढतं. आधारभूत केंद्रावर भात विकायचं असेल तर ही नोंद लागते. २०२५-२६ साठी साध्या भाताचा आधारभूत भाव क्विंटलला २,३६९ रुपये जाहीर झाला. नोंदीत भाताऐवजी गवत किंवा पडीक लागलं तर तो भाव आपला नाही, मग व्यापारी देईल तो घ्यायचा. अतिवृष्टीची भरपाई, विमा यांचाही याच नोंदीशी संबंध येतो. २०२३ च्या खरिपापासून पीक विम्यात भाताचं उत्पादन किती झालं ते ठरवताना उपग्रहाच्या माहितीलाही वजन दिलं जातं. उपग्रहाला वरून भात ओळखायला शिकवायचं, तर खालून खऱ्या शेतातली खरी नोंद लागते. घरी बसून, दुसऱ्याच्या बांधावरून काढलेला फोटो म्हणजे खोटी नोंद. त्यात आपलं नुकसान आहेच, शिवाय सगळ्या तालुक्याचं गणित चुकतं.

दुसरी गोष्ट शेतकरी ओळख क्रमांक, ज्याला फार्मर आयडी म्हणतात. आपल्या राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी तो बंधनकारक आहे. तो मिळतो आधार आणि जमीन जोडून. जमिनीवर नाव नाही, तर ओळख क्रमांक नाही. म्हणजे तीस वर्षं लावणी केलेली बाई या यंत्रणेत शेतकरी ठरत नाही.

नाव लावून घ्यायची वाट आहे

त्यावर रडत बसायचं नाही, रस्ता आहे. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची चळवळ केली. घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमीन करा, असं त्यांनी पुरुषांना सांगितलं आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी ते ऐकलं. १५ सप्टेंबर १९९२ ला महसूल विभागाने त्यासंबंधी परिपत्रक काढलं. नवऱ्याने अर्ज केला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबारावर लागतं. विकत घ्यावं लागत नाही, वाटणी करावी लागत नाही. अर्जात 'लक्ष्मीमुक्ती योजनेनुसार' असं स्पष्ट लिहा, आणि तलाठ्यांकडून, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडून, अर्जाची पोच घ्या. कुठे आडकाठी आली तर एकटीने परत येऊ नका. ग्रामसंघाचं पत्र घेऊन चार जणी तहसील कार्यालयात जाऊया.

वनपट्टा असलेल्या ताईंनी आपला पट्टा पेटीतून काढून वाचून घ्या. २००६ च्या वनहक्क कायद्यातच लिहिलंय की लग्न झालेल्यांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असतो. आपलं नाव त्यात आहे का, आणि बरोबर लिहिलंय का, ते बघा.

ज्यांची जमीन गोदामवाल्यांना विकली गेली आणि आता तीच किंवा दुसऱ्याची जमीन अर्धेलीने करतात, त्यांच्यासाठी मात्र इतका सरळ रस्ता नाही. तोंडी बोलीवर केलेली शेती कुठल्याच वहीत येत नाही. हा प्रश्न आपण संघाच्या ठरावात लिहून तालुक्याला पाठवायला हवा, कारण अशा बाया प्रत्येक गटात आहेत.

माहिती द्या, पण विचारून द्या

आणखी एक. आपली माहिती ही आपली चीज आहे. कोणी टॅब घेऊन दारात आला आणि आधार नंबर, ओटीपी, बँकेचं पासबुक मागायला लागला, तर तीन प्रश्न विचारायचे. तू कोणाकडून आलास? ही माहिती कशासाठी? आणि यातून मला परत काय कळणार? उत्तर नीट नसेल तर हात जोडून परत पाठवायचा. ओटीपी म्हणजे आपली सही. न वाचता सही करत नाही, तसा न विचारता ओटीपी द्यायचा नाही. २०२३ साली आपल्या संसदेने वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा केला आहे. माहिती घेणाऱ्याने कारण सांगून संमती घ्यायची, आणि ते कारण आपल्या भाषेत मागायचा हक्क आपल्याला आहे, असं त्या कायद्यात लिहिलंय.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. संशोधनाला आपण आकडे दिले, तर त्याचं उत्तर आपल्याला परत मिळालं पाहिजे. एका हाताने देणं म्हणजे भागीदारी नाही. गटात बचत घेऊन हिशेब न दाखवणारी सचिव आपण ठेवली असती का?

आणि आपल्याकडे द्यायला काही नाही असं समजू नका. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावठी बियाणं जपलं, बाएफ संस्थेच्या साथीने बियाण्याची बँक उभी केली. २०२० च्या पद्मश्री यादीत त्यांचं नाव आलं. कुठलं भात पाणथळ खाचराला चालतं, कुठलं वरकसाला, हे आपल्या सासूबाईंना तोंडपाठ असतं. ते लिहून ठेवलं तर शास्त्रज्ञालाही उपयोगी, आणि आपल्या सुनांनाही.

आपण काय करायचं

शेवटी कामाचं बोलते. या खरिपात प्रत्येक गटाने चार गोष्टी कराव्या असं मी सुचवते.

एक. गटाच्या बैठकीत शेतीची एक पाटी. लावणीनंतर दर आठवड्याला कोणत्याही दोघींनी दोन खाचरांत वीस-वीस चुडी मोजायच्या. तारीख, शेत, सुकलेले फुटवे, तुडतुडे, फवारलं की नाही, एवढंच लिहायचं. कृषी सखीने ते कृषी सहाय्यकांपर्यंत पोचवायचं.

दोन. ज्या घरी मोबाईल एकच आहे, तिथे सल्ल्याचा मेसेज आला की घरच्या माणसाने तो गटाच्या ग्रुपवर टाकायचा. मंगळवार-शुक्रवारचा हवामान सल्ला कृषी सखीने बोलून पाठवायचा, म्हणजे वाचता येत नाही तिलाही कळेल.

तीन. ई-पीक पाहणीची मुदत जाहीर झाली की गटाने मिळून फेरी काढायची. ज्यांच्याकडे चांगला फोन आहे त्यांनी बाकीच्यांच्या शेतावर जायचं, नोंद त्या त्या शेतात उभं राहून करायची, आणि नंतर सातबारावर पीक बरोबर चढलं का ते बघायचं.

चार. प्रत्येक गटाने पुढच्या सभेपर्यंत यादी करायची. किती जणींचं नाव सातबारावर किंवा वनपट्ट्यावर आहे, किती जणींचा ओळख क्रमांक निघाला, किती जणी अर्धेलीने करतात. ही यादी संघाकडे आली की आपण तालुका कृषी कार्यालयात आणि तहसीलला आकडे घेऊन जाऊ. तोंडी तक्रार विसरली जाते, आकड्याला उत्तर द्यावं लागतं.

बचतीची वही लिहायला लागलो तेव्हा बँकेने आपल्याला ओळखलं. आता शेताची वही लिहायला लागू. यादीचा कोरा कागद बाहेर जाताना प्रत्येक गटाच्या सचिवताईंनी माझ्याकडून घेऊन जावा.

जय सावित्री, जय जिजाऊ.